वाघरीपलीकडचं ताट

रामहरीचा फोन आला तेव्हा मी अंगणात तूर पाखडत बसले होते. "काकू, माय गेली काल," एवढंच म्हणाला. मी सूप खाली ठेवलं. भिवराबाई माझी कोणी लागत नव्हती, ना नात्याची ना गोत्याची, तरी त्या दिवशी मला पुन्हा सुपाला हात लावावासा वाटला नाही.

भिवराबाई आणि येडबा, रामहरीचे आईबाप, गंगाखेडकडच्या डोंगरातले मेंढपाळ. दरवर्षी जोंधळा काढून झाला, रानं मोकळी झाली, की ही दोघं मेंढरं घेऊन गोदावरी ओलांडायची आणि चरत चरत आमच्या वालूरच्या शिवारात यायची. आमच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. लेंडी-मुताचं खत आम्हाला, जोंधळ्याची पोती त्यांना, असा व्यवहार माझ्या सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेला. आमचे हे, माणिकराव, पोत्यातल्या खतावर कधी विश्वास ठेवत नसत. "येडबाची मेंढरं बसली की दोन वरसं बघायला नको," असं म्हणायचे. मला खताचं काही नव्हतं. मी भिवराबाईची वाट बघायची.

उंच, काटक, कपाळावर आडवं मोठं कुंकू आणि आवाज असा की बांधावरून बोलली तर पलीकडच्या विहिरीवरच्या माणसानं वळून बघावं. मेंढरांना तिनं नावं ठेवलेली असायची आणि ती बहुतेक सासरच्या माणसांची. संध्याकाळी मेंढरांभोवती खुंट्या ठोकून जाळं ताणतात, त्याला वाघर म्हणतात. त्या वाघरीतून मान घालून रोज पळायला बघणारी एक मेंढी होती, तिचं नाव नणंद. "नणंदे, आत हो गं भवाने!" असा आरडाओरडा सुरू झाला की आमच्या घरी दिवाबत्तीची वेळ झाली असं समजायचं. मग कोकरं सोडायची. दिवसभर वेगळी कोंडलेली कोकरं आयांकडे धावायची, सगळं रान बेंबाट्यानं भरून जायचं, आणि त्यात प्रत्येक कोकराला आपली आई बरोबर सापडायची. मी बांधावर उभी राहून ते बघत असे. तेवढ्या वेळापुरतं माझ्या डोक्यातलं घर, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, सगळं निघून जायचं.

मेंढरांचं उरकलं की ती तीन दगडांवर तवा ठेवायची. पहिलं ताट येडबाचं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, काठाला पोचे आलेलं. तो खाली मान घालून जेवायचा आणि पाव भाकरी, थोडं कालवण ताटात ठेवून उठायचा. त्याच ताटात भिवराबाई आपलं वाढून घ्यायची. दुसरं ताट होतं त्यांच्याकडे, नवं कोरं, कापडात गुंडाळून ठेवलेलं. मी एकदा तिला छेडलं, "भिवराबाई, ते ताट काय देव्हाऱ्यात ठेवायचंय?"

"ते पावण्यायला," ती म्हणाली.

"आणि तुला?"

"मला हे हाय की." तिला माझा प्रश्नच समजला नव्हता. आमच्या सासूबाईही आयुष्यभर सासऱ्यांच्या ताटात जेवल्या, तेव्हा मीही पुढं काही बोलले नाही.

एका उन्हाळ्यात, कोकरांना पाणी पाजता पाजता, तिनं मला येडबाची गोष्ट सांगितली. तो लहान असताना त्यांच्या गावात देवीची साथ आली होती. त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला अंगभर फोड आले, तेव्हा दोघांना गावाबाहेरच्या खोपीत नेऊन ठेवलं. दाराला लिंबाचे ढाळे लावले. भाकरी कोणीतरी लांबूनच दगडावर ठेवून जायचं. एका सकाळी बहीण हलेना. येडबा तिच्याजवळ बसून हाका मारत राहिला आणि गाव लांब उभं राहून ऐकत राहिलं. दुपार टळून गेली तेव्हा कुठं दोघं बाप्ये पुढं आले.

"लगीन झाल्यावर पैल्यांदा त्यायनी मला हेच सांगितलं बगा वैनी. म्हनले, काय बी व्हवू दे, मला एकल्याला टाकू नको. मी म्हनले, न्हाई टाकत." एवढं बोलून ती लगेच नणंदेवर ओरडली. पण मी तो दिवस विसरले नाही.

कोरोनाचं पहिलं वर्ष आमच्याकडे बरंचसं थट्टेत गेलं. दुसऱ्या वर्षी चैत्रात मात्र थट्टा बंद झाली. गल्लीगल्लीतून खोकल्याचा आवाज यायला लागला, आठवडी बाजार बंद झाला, परभणीच्या रस्त्यानं रुग्णवाहिका जात-येत राहिल्या. त्या साली भिवराबाईच्या बिऱ्हाडात नात दीपिकाही होती. रामहरी आणि त्याची बायको ऊसतोडीला गेलेले, म्हणून चार वर्षांची पोर आजीकडं.

जनावरांचा बाजार बंद, त्यामुळे कोकरांचे व्यापारी रानोरान फिरत. असाच एक जण येडबाकडं आला, शिंकत शिंकत सौदा केला आणि जाताना दोघं एकाच चिलमीवर दम मारून उठले. आठवडा झाला नाही तोच येडबा तापानं फणफणला. "ऊन लागलं," तो म्हणाला. मी ऐकून घेणारी नाही. सरळ कुसुमबाईला फोन लावला. कुसुमबाई आमच्या गावची आशाताई. अंगानं बारीक, पण त्या दिवसांत गावातला एक उंबरा तिनं सोडला नसेल.

तिनं येडबाच्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं, त्याला आरोग्य केंद्रात नेऊन नाकातला नमुना द्यायला लावला आणि निकाल आला तशी पुन्हा रानात हजर झाली. लांब उभी राहून म्हणाली, "मामा, तुम्हाला कोरोना झालाय. सध्या आकडा चांगला हाय. तुमी उघड्या रानात हाव, वारं हाय, ह्ये लय बरं हाय. पन तुमी बाकीच्यापासून लांब ऱ्हायचं. अंथरूण, भांडी समदं येगळं. गोळ्या वेळेवर. आनि पालथं झोपायचं, दम चांगला ऱ्हातो. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली आला की मला लगेच फोन."

ती गेली आणि भिवराबाईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच तो रोग आणला.

"वाळीत टाकू का त्यायला?"

"वाळीत कोण म्हणतंय? आजारी मेंढी तू बाजूला बांधतेस की नाही?"

"मेंढीला मी सबुद दिल्ता का?"

येडबा लिंबाखाली आमच्याकडं पाठ करून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. दीपिका त्याच्याकडं धावत निघाली, भिवराबाईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं, आणि ओढल्याबरोबर ती स्वतःच रडायला लागली. मला तिचा राग आला होता तो तिथंच विरला. एका बाजूला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला ही पोर, आणि मधे भिवराबाई. तिला दोन्ही सोडवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा तिनं तिचा मार्ग काढला होता. वाघरीचा एक तुकडा सोडून तिनं लिंबाच्या बुंध्यापासून पार बाभळीपर्यंत आडवा ताणला होता. जाळ्याच्या पलीकडं येडबाची घोंगडी, अलीकडं चांगलं अंतर राखून भिवराबाई. माणिकरावांच्या जुन्या धोतराचे मी शिवलेले मास्क होते, त्यातला एक तिनं तोंडाला बांधला होता आणि वरून पदर. अशा अवतारात ती जाळ्यातून येडबाशी बोलत होती. कोणती मेंढी लंगडते, कोणत्या कोकरानं दूध सोडलं, नणंदेनं आज काय दिवे लावले. दिवसभर तोंडाला खंड नाही. येडबाला दम लागायचा, तो नुसता हात वर करायचा. त्याचा हात वर झाला की ही पुढचं सुरू करायची.

पालथं झोपायला मात्र तो तयार होईना. "पालथं झोपल्यावर तू दिसत न्हाईस," म्हणाला. तेव्हा हिनं आपलं बस्तानच बाभळीकडं हलवलं, जिकडं त्याची मान वळायची तिकडं. माझ्या नवऱ्यानं एवढ्या वर्षांत मी दिसत नाही अशी तक्रार कधी केली नाही, हे मी त्याच संध्याकाळी माणिकरावांना ऐकवलं. ते पेपर वाचत राहिले.

गावात कुजबूज झालीच. दोन-तीन कारभारी आमच्या ओट्यावर आले, "त्या मेंढक्यांना हाकला, रोग पसरंल." मी आतूनच ओरडले, "माझ्या रानात कोण राहील ते मी बघते. तुम्ही आधी गळ्यातला रुमाल नाकावर घ्या!" माणिकरावांनी पेपर आणखी वर धरला. कारभारी गेले.

येडबाला उतार पडायला लागला. ताप गेला, भूक लागायला लागली. मला वाटलं, सुटलो. एका दुपारी मी कढीचं पातेलं घेऊन रोजच्यापेक्षा लवकर रानात गेले. दीपिका लांब कोकरांत खेळत होती. भिवराबाई बाभळीखाली बसली होती, मास्क हनुवटीवर, मांडीवर ते काठाला पोचे आलेलं ताट, आणि भाकरीच्या तुकड्यानं ती कालवण पुसून खात होती.

"भिवराबाई! ते ताट कोणाचं?"

ती दचकली. "त्यायचंच. येगळंच ठिवलंय की. दीपिकाला हातसुदिक लावू देत न्हाई मी. राखंनं घासून अल्लग ठिवते."

"आणि तू त्यात जेवतेस?"

"मंग?" तिनं खरोखरच न समजून माझ्याकडं बघितलं. "मी काय परकी हाय का वैनी?"

मी कपाळावर हात मारून घेतला. कुसुमबाईनं भांडी वेगळी ठेवायला सांगितली होती आणि हिनं ती सगळ्या जगापासून वेगळी ठेवली होती. जाळं ताणलं, तोंड बांधलं, नातीला जवळ येऊ दिलं नाही, आणि दोन्ही वेळा नवऱ्याचं उष्टं खात राहिली. त्यात आपण काही चुकतोय असं तिच्या मनातही आलं नाही. हे तिला सांगायला हवं असं ना कुसुमबाईला सुचलं, ना मला. मी तिथंच उभी राहून तिला वाटेल ते बोलले. ती ऐकत राहिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "ताट तसंच धुवून टाकायचं म्हनल्यावर कसंतरी वाटतंय वो. मानूस जित्तं असताना."

त्याच आठवड्यात ती खोकायला लागली. ताटामुळं की जाळ्यातून आलेल्या वाऱ्यामुळं, कोण सांगणार? पण माझा संशय ताटावरच होता आणि अजून आहे. येडबाचं दुखणं सौम्य गेलं, हिचं तसं झालं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुसुमबाईनं यंत्र लावलं, आकडा बघितला आणि काही न बोलता फोन काढला. रुग्णवाहिका आली. परभणीच्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नाहीत, असं त्या ड्रायव्हरनं आधीच सांगून टाकलं. दीपिकाची तपासणी कुसुमबाईनं करून घेतली, ती निगेटिव्ह निघाली. तिला मी आमच्या ओसरीवरच्या खोलीत आणून ठेवलं.

येडबा काठी टेकत रस्त्यापर्यंत आला. भिवराबाईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. तो बाजूला करून ती म्हणाली, "मेंढरांकडं बगा. नणंद वाघर तोडती." दार लागलं, गाडी धुरळा उडवत गेली. येडबा तिथंच उभा.

"वैनी, तिथं तिच्यापशी कोन?"

"डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत. चांगलं बघतात म्हणे."

"आपलं कोन?"

 

पुढचे दिवस मी आठवायचं टाळते. रोज कोणाची ना कोणाची बातमी यायची. येडबा मेंढरांमागं जायचा, परत यायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा. मी डबा पाठवायची, तो बराचसा तसाच परत यायचा. तिथल्या एका भल्या सिस्टरनं एकदा संध्याकाळी आपल्या फोनवरून भिवराबाईला बोलायला दिलं. मी फोन घेऊन रानात पळत गेले. येडबानं तो हातात घेतला. त्यानं फोन मेंढरांकडं धरला आणि कोकरं सोडली. सगळं रान बेंबाटलं. तो हात लांब करून तसाच उभा राहिला.

बऱ्याच वेळानं फोनमधून बारीक, घोगरा आवाज आला. "अवो, वालूरची मालकीन वरडत न्हाई. तिला पानी पाजा."

वालूरची मालकीण म्हणजे मी. कळपातल्या एका आडदांड, सदा तावातावानं बेंबाटणाऱ्या मेंढीला तिनं माझं नाव ठेवलं होतं, हे मला असं कळलं. येडबानं जीभ चावली. मी हसायला लागले आणि हसता हसता बांधावर बसून रडले. ती जगणार, असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.

ती परत आली ती निम्मी होऊन. रुग्णवाहिकेतून उतरली आणि आधी मेंढरांत गेली. येडबानं त्या दिवशी स्वतः भाकरी केली होती. आयुष्यात पहिल्यांदा. एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची, आणि आकार तर विचारूच नका. मी जरा लांब, मास्क लावून बसले होते. येडबानं ते पोचे आलेलं ताट घेतलं, त्यात भाकरी आणि दूध वाढलं आणि भिवराबाईपुढं ठेवलं.

"आदी तुमी," ती म्हणाली.

"जेव म्हनलं ना."

ती जेवली, चार घासच. तोंडाला चव नव्हती. उरलेलं बाजूला सारून ती हात धुवायला वळली, तोवर येडबानं ताट आपल्याकडं ओढलं आणि तिचं उष्टं खायला सुरुवात केली.

"अवो! काय करायलाव? बायकूचं उष्टं? लोक काय म्हनतील? देव काय म्हनंल?"

"देव तिथं आल्ता का तुझ्यापशी?" येडबा म्हणाला. "न्हाई ना? मंग त्याला काय इचारायचं." आणि ताट चाटूनपुसून खाल्लं. भिवराबाई पदर तोंडात धरून बसली. मास्कचा मला तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला, माझं तोंड कोणाला दिसलं नाही.

त्यानंतर ती दोघं आणखी दोन उन्हाळे आली. मग गुडघे बोलायला लागले, रामहरी पुण्याकडं कामाला लागला, मेंढरं विकली. आता आमच्या रानात पोत्यातलं खत पडतं. दिवेलागणीला बांधावर गेलं तर नुसतं वारं असतं. माणिकराव अजून कधीमधी म्हणतात, "येडबा असता तर..." आणि मग खताचं सोडून दुसरंच काहीतरी आठवत बसतात. नणंदेच्या नावानं ओरडणारं कोणी नाही. एवढी गोष्ट माणसाला किती आठवावी, पण आठवते.

फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गंगाखेडला उतरून जीपनं त्यांच्या गावी गेले. येडबा पत्र्याच्या घराबाहेर घोंगडीवर बसला होता. मला बघून त्यानं जागा दिली. दीपिका आता मोठी झालीय, तिनं पाणी आणून दिलं. बायका आत रडत होत्या. मी त्याच्याजवळ बसले.

"लय तरास झाला का तिला?" मी विचारलं.

"न्हाई. जवळच व्हतो मी." येडबा समोरच्या डोंगराकडं बघत होता. "शेवटाला आंबील दिली व्हती, त्याच ताटात. अर्दी पेली. अर्दी ठिवली."

मग म्हणाला, "मी संपिवली."